हिरा घ्यायचाय? आधी पारख, मग पैसे

लग्नसराई आली की आमच्या कापडाच्या दुकानात जशी गर्दी होते तशी ती जव्हेऱ्याकडेही होते. पूर्वी आपल्या घरांत मंगनी म्हटली की सोन्याची अंगठी, फार तर एखादा मोती किंवा फिरोजा, एवढ्यावर भागत असे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत हिऱ्याची अंगठी ताटात येऊन बसली आहे. ती आली याची तक्रार नाही. तक्रार एवढीच, की जो माणूस सुताच्या गाठीत पाच रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करतो, तोच हिऱ्याच्या दुकानात जाऊन मुकाट्याने साठ-सत्तर हजार मोजून येतो. दुकानात एसी असतो, वर पिवळे-पांढरे दिवे असतात, चहा येतो, आणि आपली जीभ लुळी पडते. माझीही पडली होती.

२०११ साली घरच्यांसाठी मुंबईतून एक अंगठी घेतली. दुकानदार म्हणाला, "अर्ध्या कॅरेटची आहे, शेठ." मी साठ हजार मोजले. सर्टिफिकेट वगैरे काही नव्हते, दुकानाच्या छापील कार्डावर हाताने लिहिलेल्या दोन ओळी होत्या. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, भिवंडीचे माग बंद पडले, व्यापाऱ्यांकडे अडकलेली उधारी अडकूनच राहिली. दिवाळीच्या तोंडावर कारागिरांची देणी द्यायची होती, तेव्हा ती अंगठी बाहेर काढली. घेतली होती त्या दुकानाने 'बदलून घ्या, रोख मिळणार नाही' असे सांगितले. दुसरीकडे नेली तर सत्तावीस हजारांचा आकडा आला. त्यातही पंधरा हजार सोन्याचे होते! चार ग्रॅम सोने, जे घेताना आठ हजारांच्या आसपास होते, ते जवळजवळ दुप्पट झाले होते. आणि ज्याच्यासाठी पन्नास हजार मोजले, त्या हिऱ्यांचे मिळत होते बारा.

मी चिडलो. पण त्या दुसऱ्या जव्हेऱ्याने आयग्लास माझ्या हातात दिला आणि शांतपणे दाखवले. मधला हिरा अर्ध्या कॅरेटचा नव्हताच. तो ०.३१ कॅरेटचा, बाकीचे वजन बाजूच्या चौदा बारीक खड्यांचे. सगळे मिळून ०.५०. म्हणजे मला खोटे कोणी सांगितले नव्हते. मीच विचारले नव्हते.

कॅरेटचा घोळ

म्हणून सुरुवात वजनापासून. आपल्याकडे 'कॅरेट' हा शब्द दोन अर्थांनी चालतो आणि तिथेच निम्मे गिऱ्हाईक गोंधळते. सोन्याचे कॅरेट म्हणजे शुद्धता: २४, २२, १८. हिऱ्याचे कॅरेट म्हणजे वजन: एक कॅरेट बरोबर २०० मिलिग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा पाचवा हिस्सा. त्याचे शंभर भाग केले की एक सेंट. 'तीस सेंटचा हिरा' म्हणजे ०.३० कॅरेट. उर्दू शाळेत शिकलेल्या आमच्यासारख्यांना 'कीरात' हा अरबी शब्द माहीत असतो, कॅरेट त्याच्यातूनच निघाला. काही जुने सराफ अजून रत्तीत बोलतात. त्यांना नम्रपणे सांगावे की आम्हाला कॅरेटमध्ये सांगा. रत्तीचे माप गावोगाव बदलते, कॅरेट जगभर एकच आहे.

आता भावाचे गणित. कापडात दहा मीटरचा भाव एका मीटरच्या दहापट, घाऊक घेतले तर थोडा कमीच. हिऱ्यात उलटे आहे. दगड मोठा होत जातो तसा त्याचा कॅरेटचा दरच चढत जातो, कारण मोठा स्वच्छ दगड खाणीत क्वचित निघतो. समजण्यापुरते उदाहरण घेऊ. पाव कॅरेटचा हिरा कॅरेटला एक लाखाच्या दराने मिळत असेल, तर तो पंचवीस हजारांना पडला. त्याच दर्जाचा पूर्ण एक कॅरेटचा हिरा कॅरेटला चार लाखांच्याही दराने जाऊ शकतो. म्हणजे चार पाव मिळून एक लाख आणि एक अख्खा चार लाख. 'एक कॅरेटची अंगठी' असे कोणी म्हटले की पहिला प्रश्न हाच: मधल्या एका खड्याचे वजन किती, आणि सगळ्यांचे मिळून किती? दोन्ही आकडे बिलावर वेगवेगळे लिहून घ्या.

यातच बजेटवाल्याचा फायदाही आहे. भावाच्या पायऱ्या ठरावीक आकड्यांवर आहेत: ०.३०, ०.५०, ०.७०, ०.९०, १.००. पायरीवर पाय ठेवला की दर चढतो. म्हणून अर्ध्या कॅरेटऐवजी ०.४६ किंवा ०.४७ शोधा, एक कॅरेटऐवजी ०.९५. बोटात घातल्यावर हा फरक नजरेला कळत नाही. नीट घडवलेला एक कॅरेटचा गोल हिरा साधारण साडेसहा मिलिमीटर रुंद असतो आणि ०.९० कॅरेटचा साधारण सव्वासहा. पाव मिलिमीटरचा फरक कोण पाहतो? तसेच ज्याला एका मोठ्या खड्याचा हट्ट नाही, त्याने सात बारीक हिऱ्यांचा फुलासारखा जोड पाहावा. लांबून तो एका मोठ्या हिऱ्यासारखाच दिसतो आणि किंमत फार कमी पडते. फक्त तो मोडायला नेला तर बारीक खड्यांना फारसे कोणी विचारत नाही, हे आधीच मनात धरून चालावे.

आब म्हणजे घाट

हिऱ्याची किंमत ठरते ती वजन, रंग, स्वच्छता आणि घाट या चार गोष्टींवर. ही चौकट आणि तिच्यातली अक्षरे अमेरिकेतील जीआयए या संस्थेने रूढ केली. १९३१ साली ती स्थापन झाली. आज आपल्याकडे मुंबईत आणि सुरतेतही तिची प्रयोगशाळा आहे.

माझ्या मते या चारांत सर्वांत दुर्लक्षित गोष्ट घाट, आणि बजेटवाल्याने पहिले तिच्याकडेच पाहावे. फारसी-उर्दूत रत्नाच्या तेजाला 'आब' म्हणतात, मराठीत 'पाणी' म्हणतात, दोन्हींचा अर्थ एकच. हे पाणी दगडात आपोआप नसते. ते कारागिराच्या हातातून येते. गोल हिऱ्याला सत्तावन्न किंवा अठ्ठावन्न पैलू पाडतात. त्यांचे कोन बरोबर असतील तर वरून शिरलेला उजेड आत फिरून पुन्हा वरूनच बाहेर पडतो. हिरा फार उथळ किंवा फार खोल ठेवला तर उजेड खालून गळून जातो आणि मधोमध काळपट किंवा माशाच्या डोळ्यासारखे वर्तुळ दिसते. मग घासणारा असे करतोच का? कारण वजन वाचते! कच्च्या दगडाचे जितके वजन टिकेल तितके पैसे, म्हणून पोटाकडे माल ठेवून दिलेला असतो. तुम्ही कॅरेटचे पैसे देता आणि ते वजन पोटात लपलेले असते, वरून दिसतच नाही. हा प्रकार ओळखायचा तर सर्टिफिकेटवर मिलिमीटरचे आकडे बघा. अर्ध्या कॅरेटचा गोल हिरा पाच मिलिमीटरच्या वर भरला पाहिजे. खोलीचा आकडा साठ ते साडेबासष्ट टक्क्यांच्या आसपास असावा. पासष्टच्या पुढे गेला तर तो दगड परत ठेवा. गोल हिऱ्याला सर्टिफिकेटवर घाटाचा शेरा असतो. तो 'एक्सलंट' किंवा 'व्हेरी गुड' असावा. यात कंजुषी नको.

बाकी रंगात आणि स्वच्छतेत खुशाल वाचवा. रंगाची अक्षरे इंग्रजी डी पासून झेड पर्यंत आहेत. डी म्हणजे अगदी पाण्यासारखा पांढरा, पुढे पुढे पिवळसर किंवा तपकिरी छटा वाढत जाते. दुकानदार डी, ई, एफ दाखवून तुम्हाला वर खेचतो. पण आपल्याकडे अंगठी बहुधा पिवळ्या सोन्यात होते. पिवळ्या सोन्यात आय, जे, अगदी के रंगाचा हिराही पांढराच दिसतो, कारण भोवतालचा पिवळेपणा त्याची छटा गिळतो. पांढऱ्या सोन्यात घ्यायचा असेल तर जी किंवा एच पर्यंत जा. रंग पाहायची रीत अशी: खडा सुटा मागा, पांढरा कागद दुमडून त्याच्या घडीत तो उपडा ठेवा आणि खिडकीच्या उजेडात बाजूने पाहा. वरून पाहिले तर चमक रंग झाकते. दुकानातल्या दिव्याखाली तर काचही चमकते. आपण कापडाचा रंग दुकानाच्या ट्यूबलाइटखाली कधी पक्का करतो का? थान घेऊन दारात जातो. तसेच इथेही दारात जा. उन्हात मात्र नको, सावलीतला उजेड हवा.

स्वच्छता दहापट भिंगातून ठरते. आम्ही पिक ग्लास लावून इंचातले धागे मोजतो, त्याच जातीचे हे काम आहे. व्हीव्हीएस, व्हीएस, एसआय आणि मग आय, असा उतरता क्रम. व्हीव्हीएस आणि एसआय-१ यांत भिंगाखाली फरक आहे, पण नुसत्या डोळ्याला बहुतेक वेळा नाही. मग त्या न दिसणाऱ्या फरकाचे पैसे कशाला? एसआय-१, आणि पाहून-पारखून एसआय-२, हा आपल्या बजेटचा मुक्काम. पण दोष कुठे आहे ते जरूर पाहा. काळा ठिपका बरोबर मधोमध असेल तर तो पैलूंत आरशासारखा चार ठिकाणी दिसतो. काठाजवळ पांढरी रेघ, म्हणजे तडा असेल, तर तिथे धोका आहे. हिरा सर्वांत कठीण आहे म्हणून तो फुटत नाही, हा मोठा गैरसमज आहे. कठीण म्हणजे ओरखडा न पडणारा. ठराविक दिशेने टोला बसला तर हिरा चिरतो. काही जण तड्यात काचेसारखा पदार्थ भरून दगड स्वच्छ दाखवतात. सोनाराची ज्योत लागली की तो भराव बिघडतो आणि दोष उघडा पडतो. 'तडे भरलेले नाहीत' हे बिलावर लिहून मागा. खरा दुकानदार नाही म्हणणार नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या गल्ल्यावरच्या यंत्राची आहे. खोट्या नोटा पकडायचा जांभळा दिवा प्रत्येक व्यापाऱ्याकडे असतो. त्या दिव्याखाली खाणीतल्या हिऱ्यांपैकी साधारण चौथा ते तिसरा हिस्सा कमी-अधिक निळा चमकतो. हा दोष नव्हे, पण बाजार वरच्या रंगाच्या अशा हिऱ्यांना कमी भाव देतो. आय-जे रंगाच्या दगडात तर ही निळी झाक पिवळेपणा थोडा कमीच करते. तेव्हा सर्टिफिकेटवर 'मीडियम' किंवा 'स्ट्राँग' फ्लोरेसन्स लिहिले असेल तर घाबरू नका, घासाघीस करा. हिरा दुधाळ दिसत असेल तरच सोडा.

खरा, खोटा आणि तिसरा

खोटा हिरा ओळखण्याच्या घरगुती युक्त्या फार ऐकू येतात. काचेवर ओरखडा काढा म्हणतात. गारगोटीही काचेवर ओरखडा काढते! फुंकर मारून वाफ किती वेळ टिकते ते पाहा म्हणतात. अमेरिकन डायमंड म्हणून मिळणारा झिरकोनिया त्यात कधी पकडला जातो, पण भरवसा नाही. झिरकोनियाची खरी खूण वजन आहे. त्याच आकाराच्या हिऱ्याहून तो दीडपटीहून जास्त भरतो. मोयसेनाइट नावाचा दगड जास्त फसवा आहे. उष्णतेवर चालणारी जुनी टेस्टर पेनेही त्याला हिरा समजून वाजतात. भिंगातून तिरपे पाहिले तर त्याच्या मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात, हिऱ्याच्या कधी दिसत नाहीत.

पण आजचा खरा प्रश्न प्रयोगशाळेत बनवलेल्या हिऱ्याचा आहे, ज्याला बाजारात सीव्हीडी किंवा लॅबग्रोन म्हणतात. तो खोटा नाही. तोही शुद्ध कार्बनच. कठीणपणा तोच, चमक तीच, पेनही तसेच वाजते. जुना जव्हेरीसुद्धा नुसत्या भिंगाने छातीठोकपणे सांगू शकत नाही, त्यासाठी प्रयोगशाळेचे यंत्र लागते. सुरतेत त्याचे मोठे उत्पादन होते. जून २०२३ मध्ये पंतप्रधानांनी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीला साडेसात कॅरेटचा हिरवा हिरा भेट दिला, तोही असाच बनवलेला.

२०२४ मध्ये आमच्या घरात यावरून चांगलीच जुंपली. धाकट्या मुलाची मंगनी होती, बजेट ऐंशी हजारांचे. मुलगा म्हणाला, "अब्बा, ऐंशी हजारांत लॅबग्रोनचा एक कॅरेट सहज येतो, वर पैसे उरतील. खाणीतला घेतला तर जेमतेम तीस सेंट. दिसायला काय फरक?" त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. मी स्वतः मागावरचे कापड विकतो. हातमागाचे कापड आणि यंत्रमागाचे कापड, सूत तेच असते. यंत्रमागाचा माल विकण्यात पाप नाही, तो हातमागाचा म्हणून विकण्यात आहे. लॅबग्रोनचेही तसेच. हौसेसाठी, घालण्यासाठी घ्यायचा असेल तर जरूर घ्या, पण त्याच्याच भावात. यंत्रे वाढली तसे त्याचे भाव वर्षावर्षाला कोसळत गेले आणि मोडीत त्याला जवळजवळ कोणी विचारत नाही. २०२५ च्या ऑक्टोबरपासून जीआयएने त्याला डी-ई-एफ अशी अक्षरे देणेही बंद केले, आता फक्त 'प्रीमियम' आणि 'स्टँडर्ड' असे दोन दर्जे आहेत.

खाणीतला हिरा म्हणजे ठेव, असेही मी म्हणणार नाही. माझी २०११ ची अंगठी वर सांगितली आहे. २०२२ नंतर खाणीतल्या हिऱ्यांचे भावही बरेच उतरले, सुरतेच्या किती कारागिरांच्या घंट्या बंद पडल्या ते आपल्यापैकी ज्यांचे तिकडे जाणे-येणे आहे त्यांनी पाहिलेच आहे. पैसा राखायचा असेल तर सोने घ्या, हिरा हौसेचा आहे. शेवटी सूनबाईंनाच विचारायला लावले. त्यांना लहान पण खाणीतला आवडला, म्हणून तो घेतला. मोठा मागितला असता तर मोठा घेतला असता.

कागद

सर्टिफिकेट सुट्या हिऱ्याचे घ्या. दागिन्यात बसवलेल्या हिऱ्याचे वजन आणि रंग अंदाजानेच लिहावे लागतात, कारण खडा तराजूत ठेवता येत नाही. जीआयए आणि आयजीआय ही दोन नावे आपल्याकडे जास्त चालतात. प्रत्येक प्रयोगशाळेचा हात सारखा कडक नसतो, म्हणून दोन दुकानांचे भाव ताडताना सर्टिफिकेट एकाच प्रयोगशाळेचे असू द्या. नाहीतर एकाचा 'एच' आणि दुसऱ्याचा 'एच' यांत एक-दोन पायऱ्यांचा फरक निघू शकतो. सर्टिफिकेटवर दर्जा असतो, किंमत नसते. किंमत छापलेला कागद कोणी दाखवला तर तो बाजूला ठेवा.

सर्टिफिकेटचा नंबर प्रयोगशाळेच्या वेबसाइटवर टाकून पाहता येतो. मोबाइलवर दोन मिनिटांचे काम आहे, काउंटरवर उभे राहूनच करा. तोच नंबर बहुधा हिऱ्याच्या कमरेवर लेझरने कोरलेला असतो, भिंगातून दिसतो. आयजीआयच्या लॅबग्रोन सर्टिफिकेटचा नंबर 'एलजी' या अक्षरांनी सुरू होतो, हे ध्यानात असू द्या.

आता बिल. बिलात पाच गोष्टी वेगळ्या दिसल्या पाहिजेत: सोन्याचे निव्वळ वजन आणि दर, हिऱ्याचे कॅरेट आणि कॅरेटचा दर, रंग-स्वच्छता, घडणावळ, आणि तीन टक्के जीएसटी. निव्वळ वजन यासाठी की काही ठिकाणी खड्यांसकट वजन करून सगळ्याला सोन्याचा दर लावतात. अंगठीत फरक किरकोळ, पण पाच कॅरेटच्या हारात पूर्ण एक ग्रॅम सोन्याचे पैसे जास्त गेले. सोन्यावर हॉलमार्क आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी पाहा. १ एप्रिल २०२३ पासून तो सक्तीचा आहे. हिऱ्याचा दागिना बहुधा अठरा कॅरेटमध्ये असतो, म्हणून ७५० चा शिक्का. हा शिक्का फक्त सोन्याची ग्वाही देतो, हिऱ्याची नाही. पुष्कळांना वाटते हॉलमार्क आहे म्हणजे हिराही पास झाला.

परत घेण्याची अट तोंडी ठेवू नका. 'नव्वद टक्के परत' असे म्हणतात, पण नव्वद टक्के कशाचे? तुम्ही दिलेल्या रकमेचे की त्या दिवशीच्या त्यांच्या दराचे? रोख की बदल्यात? माझा पन्नास हजारांचा धडा या एका ओळीत होता.

आम्ही मुळजी जेठा मार्केटला कपड्याच्या कामासाठी जातोच, तिथून झवेरी बाजार चार पावलांवर आहे. त्यामुळे घाई केली नाही. तीन फेऱ्यांत पाच दुकाने पाहिली. जव्हेऱ्यांतही आपल्यासारखी जांगडवर माल देण्याची चाल आहे, हे एका जुन्या ओळखीच्या दलालाने आठवून दिले. त्याच्या शब्दावर एका दुकानाने दुसऱ्याकडून तीन सुटे दगड जांगडवर मागवले. तिन्ही पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा सर्टिफिकेटवर सर्वांत वरचा असलेला दगड सर्वांत निस्तेज दिसला. घाट नुसता 'गुड' होता. आम्ही ०.३२ चा आय रंगाचा, एसआय-१, घाट एक्सलंट, ४.४ मिलिमीटरचा घेतला. पिवळ्या सोन्यात, तीन ग्रॅममध्ये, ऐंशी हजारांच्या आत बसला.

आठ दिवसांनी अंगठी घ्यायला गेलो तेव्हा मी पुन्हा आयग्लास मागितला. बसवून आलेल्या हिऱ्याचा नंबर सर्टिफिकेटशी जुळवायचा होता. कारखान्यात दहा अंगठ्या एकत्र असतात, चुकून अदलाबदल होऊ शकते, मुद्दाम कोणी करत नसला तरी. काउंटरवरचा पोरगा जरा नाराज झाला. आतून त्याचे वडील आले, त्यांनी अंगठी पुसली, स्वतः भिंगाखाली धरून कमरेवरचा नंबर शोधला आणि एकेक आकडा मोठ्याने वाचून दाखवला. एक आकडा सोनाराच्या पकडीखाली झाकला गेला होता, बाकी सगळे जुळले. मग चहा आला.